स्वस्त यंत्रे आणि संसाराची यादी
(तामलवाडी येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



चिटणीस महाशयांनी मला ‘काटकसर’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. काटकसरीचा उपदेश या व्यासपीठावरून पुष्कळ झाला आहे. त्यात मी भर घालीत नाही. आपल्या संसाराला अलीकडे जे एक नवे भगदाड पडले आहे, तेवढ्याविषयीच बोलतो. ते भगदाड म्हणजे घरबसल्या मोबाईलवरून मागविलेली स्वस्त यंत्रे: मनगटी घड्याळे, इअरबड्स, पॉवर बँका, मेमरी कार्डे आणि आणखी कितीतरी.

गेल्या दिवाळीत आपल्याच समाजातील एका घरी गेलो असता तेथील फडताळात अशा सात वस्तू मी मोजल्या. इअरबड्सचे दोन जोड होते. एकाचा डावा कान चाले, दुसऱ्याचाही डावाच! एकही वस्तू हजार रुपयांवरची नव्हती, म्हणून एकीबद्दलही घरात विचारविनिमय झालेला नव्हता. मोठी खरेदी आपण दहा जणांना विचारून करतो. लहान खरेदीस कोणी विचारीत नाही आणि पैसा त्याच वाटेने झिरपतो.

पूर्वी असली वस्तू घ्यावयाची झाल्यास तामलवाडीच्या माणसाला एस.टी.ने सोलापूर गाठावे लागे. नव्या पेठेत चार दुकाने हिंडावी, वस्तू हाती घेऊन चालवून पाहावी, भावाची घासाघीस करावी, असा क्रम असे. दिवस मोडणार म्हणून जाणे लांबणीवर पडे आणि त्या अवधीत निम्म्या इच्छा आपोआप विरून जात. इच्छा आणि पैसा यांच्यामधील तो अवधी हीच आपली खरी तिजोरी होती. फ्लिपकार्टने 2010 साली वस्तू दारात आल्यावर पैसे देण्याची सोय केली, 2016 साली यूपीआय आले, आणि तो अवधी पाहता पाहता नाहीसा झाला. या सोयी वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. खेड्यातील विद्यार्थ्याला हवे ते पुस्तक घरपोच मिळते, हे मोठेच भाग्य आहे. परंतु सोय विकणाराची किती आणि घेणाराची किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

मोठ्या सवलतींचे हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास असतात. नेमके याच सुमारास आपले सोयाबीन निघते. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या भावाने 1,499 रुपयांचे घड्याळ म्हणजे 28 किलो सोयाबीन झाले; बाजारात भाव पडला तर याहून अधिक. घड्याळाची किंमत रुपयांत वाचली की ती हलकी वाटते. किलोंत मांडली की काढणीची मजुरी डोळ्यांपुढे उभी राहते.

‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘दहा मिनिटांत सवलत संपणार’, ही वाक्ये आपण सर्वांनी वाचली आहेत. खोटी घाई निर्माण करणे ही फसवणुकीची रीत आहे, असे केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले असून अशा तेरा रीती तेथे सांगितल्या आहेत. न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे ही त्यांतीलच एक.

आता थोडे गणित. क्षमा करा, मास्तरकी सुटत नाही. पॉवर बँकेत पुष्कळदा वापरला जाणारा लिथियम-आयनचा गोल सेल सुमारे 45 ते 50 ग्रॅमचा असतो, आणि चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता साधारण 3,500 एमएएच असते. म्हणजे 20,000 एमएएचसाठी असे सहा सेल तरी हवेत. नुसते सेलच पाव किलोहून अधिक भरतात. पेटीवर 20,000 छापले आहे आणि वस्तू मुठीत पिसासारखी हलकी लागते, तर छापणाराने शून्ये फुकट वाटली आहेत. पॉवर बँकेला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तिच्यावरील ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो.

पैशाहून मोठी हानी होते ती प्रकृतीची. सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारी घड्याळे विकली जातात. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध मावशी असल्या घड्याळातील आकडा पाहून गोळी घ्यायची की नाही ते ठरवीत. त्यांच्या सुनेने तालुक्याच्या ठिकाणी नेऊन रक्त तपासविले, तेव्हा कोठे हा प्रकार थांबला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्येच इशारा दिला होता की, त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणारे एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही. भगिनींनो, आपल्या घरी मधुमेहाचे कोणी असल्यास हे त्यांना आजच सांगा.

फसगत झाल्यास मुकाट बसू नये. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करणे विक्रीमंचाच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. एवढ्याने भागले नाही तर, विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, 2019 च्या कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवच्या ग्राहक आयोगात, दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क पडत नाही. पाचशे रुपयांसाठी कोण हेलपाटे घालणार, असे आपण म्हणतो. विकणाराचा भरवसा आपल्या या म्हणण्यावरच असतो.

तथापि तक्रार हा मागाहूनचा उपाय झाला. आधीचा उपाय महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखविला आहे. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे लहान लहान संघ केले. प्रत्येक घराने महिन्याची यादी आधी लिहून द्यावयाची, माल एकत्र घ्यावयाचा आणि संघात वाटून न्यावयाचा, अशी ती पद्धत. स्वस्ताई हा तिचा लाभ खराच. पण मला मोठा वाटतो तो यादीचा लाभ. यादी लिहावयास बसलेली गृहिणी आधी डबे उघडून पाहते.

तेव्हा माझी सूचना अशी की, आपल्या प्रत्येक घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावावा. ज्याला जे यंत्र हवे त्याने ते तारखेसह तेथे लिहावे आणि महिना उलटल्यावरही हवेसे वाटले, तरच मागवावे. मुलांना हा नियम लावणाऱ्या वडिलांनी आपलेही नाव त्यावर घालावे. दुसरे असे की, निकामी झालेल्या बॅटऱ्या उकिरड्यावर जातात व तेथे पेट घेतात. त्या गोळा करून अधिकृत संकलन केंद्राकडे पोचविण्याचे काम आपल्या तरुण मंडळाने अंगावर घ्यावे. दोन्ही सूचना मी चिटणिसांकडे लेखी दिल्या आहेत. कार्यकारी मंडळाने त्यांवर येत्या सभेत विचार करावा, आणि निर्णय सोयाबीनचे पैसे हाती येण्यापूर्वी घरोघरी कळवावा, अशी विनंती आहे.