हाताचे काम आणि कामाचे मोल

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे डॉक्टर, वकील, कलेक्टर ह्यांची नावे घ्यावयाची आणि मुलांना त्यांच्यासारखे व्हा म्हणून सांगावयाचे, असा प्रघात पडला आहे. त्यात गैर काही नाही. पण आज मी गॅरेजमधल्या मेस्त्रीविषयी बोलणार आहे. त्याला मजुरी किती मिळते, ती तेवढीच का मिळते, त्याचे काम कधी पक्के आणि कधी कच्चे का होते, आणि गाडी दुरुस्तीला आणणारे व मुलगा गॅरेजात ठेवणारे आपण सारे त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, एवढाच माझा विषय.

कागलला हा विषय परका नाही. पुणे-बंगळूर हमरस्ता आपल्या दारावरून जातो. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा ऊस, त्याला पाणी देणारे पंप, गळिताच्या हंगामात रात्रंदिवस धावणारे ट्रॅक्टर, आणि शेजारी पंचतारांकित औद्योगिक वसाहत. ज्या घरात फिटर, वायरमन, वेल्डर किंवा मेस्त्री ह्यांपैकी एकही नाही असे घर ह्या सभागृहात थोडेच निघेल. २००६ साली सच्चर समितीने जो अहवाल सादर केला त्यात आपल्या समाजाविषयी जी अनेक निरीक्षणे आहेत, त्यांत एक हे आहे की नियमित पगाराच्या नोकरीत आपण कमी आणि स्वतःच्या हिकमतीवर चालणाऱ्या छोट्या धंद्यांत जास्त. वाहनदुरुस्तीचा धंदा त्यांतलाच. अहवाल न वाचताही हे आपल्याला ठाऊक होते. फरक एवढाच की अहवालात ती माहिती म्हणून येते आणि आपल्या घरात कमीपणा म्हणून.

प्रथम मजुरीचे पाहू. गाडीचा मालक गॅरेजात येतो. सुटा भाग तीन हजारांचा लागणार म्हटले की तो मुकाट्याने तीन हजार मोजतो, कारण भागाच्या डब्यावर किंमत छापलेली असते. पण मेस्त्रीने मजुरीचे तीनशे सांगितले की घासाघीस सुरू. "चाचा, स्क्रू तर एकच फिरवला, त्याचे तीनशे?" आता कोणता स्क्रू आणि किती फिरवावयाचा, हे कळायला चाचाची वीस वर्षे गेली, ती डब्यावर छापलेली नाहीत. ह्या घासाघिशीतून एक वाईट खोड ह्या धंद्याला लागली आहे आणि ती आपणच लावली आहे. मजुरी सरळ मागून मिळत नाही, म्हणून मेस्त्री ती सुट्या भागात लपवितो. दुकानदाराकडून त्याला कमिशन मिळते. मग जो भाग साफ करून चालला असता तो 'बदलावा लागेल' होतो. गिऱ्हाईक शंभर रुपये वाचविले म्हणून खूष, आणि हजार रुपये जास्त गेले ते त्याला कळतच नाही. पुढे जाऊन असे होते की ज्या मेस्त्रीला दुरुस्ती करता येते तो आणि ज्याला केवळ बदली करता येते तो, दोघांची कमाई सारखीच. उलट दुसऱ्याची अंमळ जास्तच. मग उमेदीच्या पोराने हुन्नर तरी कशासाठी शिकावा?

गरिबीमुळे लोक घासाघीस करतात असे म्हणाल, तर ते अर्धेच खरे आहे. वकिलाच्या फीमध्ये आपण घासाघीस करीत नाही. डॉक्टरने दोन मिनिटांत नाडी पाहून सोडले तरी 'एवढ्याशा वेळाचे एवढे?' असे त्यांच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. म्हणजे प्रश्न खिशाचा जितका आहे तितकाच नजरेचा आहे. कपड्याला काळे डाग असले की त्या माणसाच्या डोक्यात ज्ञान असेल हे आपल्या मनाला पटत नाही.

आता कामाच्या पक्केपणाचे. माझे आयुष्य वायस आणि लेथजवळ गेले, तेव्हा दोन उदाहरणे मी माझ्या ओळखीच्या कामातलीच देतो. इंजिनाचे हेड बसवितात. त्याचे बोल्ट आवळावयाचे ते मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस, आळीपाळीने, आणि एकदम नव्हे तर दोन-तीन टप्प्यांत. शेवटी टॉर्क-पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापाइतके. असे केले तर हेड सर्व बाजूंनी सारखे बसते. एका कडेकडून आवळीत गेले तर ते वाकते, गॅस्केट एका जागी कमी दाबले जाते आणि काही दिवसांनी पाणी तेलात उतरते. गाडी गॅरेजातून बाहेर पडताना दोन्ही इंजिने सारखीच चालतात. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. पहिल्या पद्धतीला अर्धा तास जास्त लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे देणारा कोणी नसतो.

दुसरे उदाहरण मळ्यातल्या जळालेल्या मोटरचे. मोटर जळली की शेतकरी ती मोटरसायकलवर टाकून रिवाइंडिंगला आणतो. ऊस वाळत असतो, त्याला ती उद्याच पाहिजे असते. काम नीट करावयाचे तर जुने वेटोळे काढून खाचा साफ कराव्या लागतात, इन्सुलेशनचा कागद नवा घालावा लागतो, तार जितक्या जाडीची आणि जितके वेढे होते तितकेच द्यावे लागतात, मग व्हार्निश पाजून मोटर भट्टीत किंवा निदान उष्ण जागी पुरती वाळवावी लागते. घाई करणारा ओल्या व्हार्निशवरच मोटर देतो. तारेची जाडी थोडी कमी केली तर तांब्यात पैसे वाचतात. अशी मोटर चालते. पण तापते, आणि भार वाढला की किंवा विजेचा दाब उतरला की पुन्हा जळते. शेतकरी विजेला शिव्या देतो. कच्च्या कामाचा हिशेब असा नेहमी दुसऱ्याच्या नावावर मांडला जातो. म्हणून चांगल्या कारागिराने आपल्या कामाचा कागद दिला पाहिजे: काय उघडले, काय बदलले, कोणती तार घातली, मजुरी किती, भाग किती. मजुरी आणि भाग हे दोन आकडे वेगळे लिहिले की निम्मा संशय जातो.

कुरआनशरीफमध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम ह्यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि त्यांनी चिलखते बनविल्याचा उल्लेख आपण सर्वांनी ऐकला आहे. त्याच ठिकाणी कड्या मापात जुळवाव्यात अशीही ताकीद आहे, आणि वाझ करणारे ह्या दुसऱ्या भागावर क्वचितच थांबतात. एका पैगंबराला लोहारकाम दिले गेले एवढेच तेथे नाही, ते कसे करावे हेही सांगितले आहे. फिटरच्या भाषेत त्याला टॉलरन्स म्हणतात.

आपल्या भागाचा इतिहासही पाहा. शिकलगार म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावणारे, शस्त्रे घडविणारे. इंग्रजी अंमल आला, तलवारी म्यानात गेल्या आणि ह्या लोकांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. मिरजेतल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती बनविण्याचा उद्योग सुरू केला. फरीदसाहेबांचे नाव ह्या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. आडनावच 'सतारमेकर' झाले. पंढरपूरकडच्या भागातून भोपळे आणावयाचे, ते वाळवावयाचे, लाकूड कोरावयाचे, आणि शेवटी जवारी काढावयाची. जवारी म्हणजे घोडीचा माथा कानसने इतका हलक्या हाताने घासावयाचा की तार छेडल्यावर स्वर मोकळा होऊन गुंजू लागतो. एक घासा जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून. हे माप कोणत्याही गेजवर नाही, कानात आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले, आणि मोठमोठ्या गवयांच्या मागे मिरजेचा तंबोरा वाजत आला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीची धार ओळखणारा हात तारेवर आला आणि वाया गेला नाही. धंदा गेला, पण हुन्नर राहिला, असे म्हणावयास आपल्याजवळ पन्नास-साठ किलोमीटरवर हा पुरावा आहे.

आणि हाताचे काम केवळ अशिक्षितांनीच केले असेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत चित्रकला शिकावयास गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळले, तेव्हा यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तेथली नोकरी सोडून बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. शिकलेल्या माणसाने सायकली विकाव्यात आणि दुरुस्त कराव्यात, ह्याचे त्या काळी लोकांना किती नवल वाटले असेल! पुढे लोखंडी नांगर केला तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील काही काळ हेच नांगर विकीत हिंडले, आणि त्यांनी पुढे रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा कमवा आणि शिका हे तिचे सूत्र झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिने आणि ओतीव कामाचे कारखाने ज्यांनी वाढविले त्या पहिल्या पिढीतही मेस्त्री म्हणूनच ओळखले जाणारे लोक होते. म्हादबा मेस्त्रींच्या नावातून ती पदवी कोणी काढून टाकली नाही.

तथापि श्रमाचे गोडवे गाण्यात एक धोका आहे आणि त्याबद्दल बोललेच पाहिजे. आपल्या कागलचे आनंद यादव ह्यांनी 'झोंबी'त जी हकीकत सांगितली आहे ती कोणाची? मळ्यातल्या कामातून सुटून शाळेत जाण्यासाठी बापाशी झगडणाऱ्या पोराची. त्या पोराला कोणी श्रमप्रतिष्ठेचे व्याख्यान दिले असते तर ते क्रूर ठरले असते. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांच्या पाठबळाने १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, ते आपल्या मुलांनी पिढीजात कामाच्या खुंट्याला बांधलेले राहू नये म्हणूनच. तेव्हा 'बापाचे गॅरेज आहे, मुलगा तेथेच बसेल' असे मी म्हणत नाही. डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेवर जो आक्षेप घेतला त्याचा गाभाच हा होता की ती कामांची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी करते. निवडीशिवाय केलेल्या कामाला प्रतिष्ठा कोठून येणार?

आणि आपण नेमके तेच करतो. घरातला जो मुलगा अभ्यासात मागे पडतो त्याला शिक्षा म्हणून गॅरेजात पाठवितो. "शिकत नाहीस ना, मग जा, पाने पूस!" हे वाक्य किती घरांत बोलले जाते! मुलगा तेथे जातो तो हरलेला म्हणूनच जातो. उस्तादही त्याला वर्ष-दोन वर्षे चहा आणावयास आणि डिझेलमध्ये भाग धुवावयास लावतो. वेतन नाही, कारण 'काम शिकवितो हेच पुष्कळ'. शिकविणे म्हणजे काय तर पाहून पाहून शीक. काही उस्ताद जिवापाड शिकवितात, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण काही जण पंपाची सेटिंग करताना पाठ फिरवितात, शागीर्द उद्या समोरच गॅरेज टाकील ह्या भीतीने. चौदा वर्षांखालील मुलाला असे कामाला ठेवणे हा तर गुन्हाच आहे, आणि पालकांनी ह्यात डोळेझाक करू नये. लग्नाच्या बाजारातही तीच तऱ्हा. खाजगी कचेरीत जेमतेम पगारावर बसणारा मुलगा 'नोकरीवाला', आणि त्याच्या दुप्पट मिळविणारा मेस्त्री 'गॅरेजवाला'. हा शब्द उच्चारताना आपला आवाज जरा खाली येतो. मुलींच्या बाबतीत तर आणखी मौज आहे. शिलाई मशीन चालविणे हे बायकांचे काम, पण ते बिघडले की मेस्त्रीला निरोप. इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम मुलींना बंद नाही. आपण बंद धरला आहे.

काळही बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा प्रमाणाची वाहने आली. मोटरसायकलीतला कार्बुरेटर गेला, इंधन फवारणारी इंजेक्टरची पद्धत आली, जागोजागी सेन्सर बसले. आवाज ऐकून दोष सांगणारा कान अजून उपयोगी आहे, पण आता त्याच्या जोडीला स्कॅनर लावून दोषाचा आकडा वाचावा लागतो, वायरिंगचा नकाशा समजावा लागतो, इंग्रजी पुस्तिका उलगडावी लागते. विजेवरच्या गाड्यांत तर इंजिनच नाही. केवळ पाहून शिकलेला मेस्त्री येथे अडतो, आणि काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाते. म्हणजे जो मुलगा गणितात बरा आहे, ज्याला विजेचा धडा आवडतो, तोच आता ह्या धंद्याला हवा आहे. नापास मुलांची सोय म्हणून हा धंदा शिल्लक राहिलेला नाही.

म्हणून दहावीत बसलेल्या मुलांच्या पालकांना काही गोष्टी मी नेमक्या सांगतो. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, मोटर मेकॅनिक हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. डिझेल मेकॅनिक आणि वेल्डर एका वर्षाचे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर पुरा केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो, म्हणजे पुढचा दरवाजा बंद होत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात उमेदवारी केली तर विद्यावेतन मिळते. पंचतारांकित वसाहतीतल्या कारखान्यांत स्वतः जाऊन चौकशी करावी, मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. आणि ज्यांचे स्वतःचे गॅरेज आहे त्यांनी मुलाला आधी दोन वर्षे बाहेर शिकू द्यावे, मग घरी आणावे.

संस्थेच्या चालकांनाही एक विनंती आहे. शनिवारी शाळा लवकर सुटते. महिन्यातून एका शनिवारी आठवी-नववीच्या मुलामुलींना दोन तास एखाद्या चांगल्या मेस्त्रीकडे न्यावे किंवा मेस्त्रीलाच शाळेत बोलवावे, एक जुने इंजिन टेबलावर उघडावे, आणि त्या दोन तासांचे मानधन त्याला इतर पाहुण्या वक्त्यांइतकेच द्यावे. इंजिन आणून देण्याची जबाबदारी मी घेतो. आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरावे लागतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि असल्यास जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा, आणि पहिल्याच फेरीत अर्ज करावा, कारण इलेक्ट्रिशियनच्या जागा लवकर भरतात.