टेबलावरची नेमबाजी आणि राहिलेला हातचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण असे शाळेत एकदाच केले होते, तेही मध्येच विसरले आणि रडत खाली बसले. तेव्हा आज भाषण नको, आपल्या रायफल स्पर्धेची हकीगत सांगते. दोन वर्षे ती माझ्याकडे आहे. तिच्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. पुष्कळजणींनी ती कुजबुजत ऐकली असेल, आज माझ्या तोंडून ऐकावी.

आपला कोल्हापूर जिल्हा पैलवानांचा म्हणतात, तसा आता नेमबाजांचाही झाला आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. २०२४ च्या ऑगस्टात पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले. त्यानंतरच्या बैठकीत आपल्यातल्या एकजणी म्हणाल्या, "पोरे नेम धरतात, आपण फक्त पेढे वाटायचे का?" सगळ्या हसलो. पण तेच मनात राहिले.

गावातल्या रायफल क्लबात एक निवृत्त सुभेदार शिकवतात. त्यांच्याकडे गेलो तर ते आमच्याकडे बघतच राहिले. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाचा खांदा धरलेला. उभे राहून चार-पाच किलोची रायफल तोलायची म्हणजे आमच्यापैकी निम्म्या जणी घरीच बसल्या असत्या. तेव्हा त्यांनी बेंचरेस्टचा प्रकार सुचवला. म्हणजे स्टुलावर बसायचे, रायफल टेबलावरच्या वाळूच्या उशीवर टेकवायची आणि नेम धरायचा. अमेरिकेत या खेळाची संघटना १९४७ सालीच निघाली. तिकडे यात लांब पल्ल्याच्या मोठ्या रायफली चालतात. आपण साधी एअर रायफल घेतली, साडेचार मिलिमीटरच्या शिशाच्या गोळीची, आणि अंतर दहा मीटर.

टेकून मारायचे म्हटल्यावर सोपे वाटते. मलाही वाटले होते. पहिल्या दिवशी माझ्या दहा गोळ्या कार्डभर अक्षता टाकल्यासारख्या पडल्या! मग सुभेदारांनी कारण सांगितले. आपल्या रायफलीत जाड स्प्रिंग असते. घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच सगळी रायफल अंग हलवते. टणक जागेवर टेकवली तर ती उसळते आणि दर वेळी निराळी उसळते. म्हणून उशीवर आपला तळवा ठेवायचा आणि त्यावर रायफल नुसती निजवायची, आवळायची नाही. तान्ह्या बाळाच्या मानेखाली हात धरतो ना, तसा. हे सांगितल्यावर आमच्या बायकांना जे कळले ते क्लबातल्या पोरांना दोन महिन्यांत कळले नव्हते, असे सुभेदारच म्हणाले.

उशा आपणच शिवल्या, घरातल्या जुन्या जीन पँटींच्या. वाळू धुऊन, वाळवून, चाळून घेतली आणि शिलाई दुहेरी घातली, नाहीतर टेबलावर रांगोळी होते. मागच्या उशीला सशासारखे दोन कान ठेवले, त्यांच्या मध्ये रायफलीचा दस्ता बसतो. कार्डे मात्र आधी झेरॉक्सच्या पातळ कागदावर काढली, ते चुकले. पातळ कागद फाटतो आणि भोक कुठवर गेले ते कळत नाही. जाड कागद आणि चपट्या तोंडाची गोळी असली म्हणजे भोक पंचाने पाडल्यासारखे स्वच्छ पडते. लक्ष्यामागे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे कोंबलेली लाकडी खोकी ठेवली आणि त्यांमागे वाळूची पोती. नुसता लोखंडी पत्रा लावला तर गोळी उलटून यायची भीती असते.

नियम थोडेच, पण कडक. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. "लोड" म्हटल्याशिवाय गोळी भरायची नाही. "स्टॉप" म्हटले की घोड्यावरचे बोट काढायचे, मग कोणीही असो. सगळ्या रायफली उघडून खाली ठेवल्याची खात्री होईपर्यंत कोणी दोरीपलीकडे जायचे नाही. आणि शिसे हाताळलेले असते म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही.

पहिल्याच स्पर्धेत "स्टॉप" म्हणायची वेळ आली ती माझ्या थोरल्या जाऊबाईंवर. नातवाने फोटोसाठी हाक मारली आणि त्या हसत वळल्या, हातात भरलेली रायफल! मी ओरडले. रायफल खाली ठेववली आणि त्यांना त्या फेरीतून उठवले. चारचौघांत धाकट्या जावेने असे करावे! त्या संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. तिळगूळही सासूबाईंच्या हाताने पाठवला. त्याचे मला वाईट वाटले, पण पुन्हा तसे झाले तर पुन्हा उठवीन.

आता माझ्या चुकीचे.

एका कार्डावर दहा छोटी लक्ष्ये, प्रत्येकावर एकच गोळी, अशी दोन कार्डे. पुरे गुण दोनशे. मोजणी माझ्याकडे होती. भोकात गेज घालायचा, भिंगातून बघायचे आणि कड वरच्या रेघेला लागली तर वरचा गुण द्यायचा. हे काम मी मन लावून शिकले होते आणि त्या दिवशी एकाही भोकावर वाद झाला नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. पहिल्या आलेल्या बाईंना १७६ गुण मिळाले. टाळ्या झाल्या, बक्षिसाचा प्रेशर कुकर दिला, फोटो निघाला.

रात्री ओटा आवरून कार्डे पिशवीत भरताना सहज पुन्हा बेरजा केल्या. आपल्यातल्या एकजणी चार घरी पोळ्या करतात. त्यांची कार्डे होती ८८ आणि ९३. मी खाली लिहिले होते १७१. आठ आणि तीन अकरा, हातचा एक. तो हातचा मी धरलाच नव्हता. १८१ होत होते! रेघेचा केसभर फरक भिंगाने पाहणारी मी, दुसरीतली बेरीज चुकले.

यजमान म्हणाले, "कोणाला कळले आहे? राहू दे." झोप आली नाही. सकाळी आधी विजेत्या बाईंकडे गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात त्याच कुकरची तिसरी शिटी होत होती. सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आता परत केला तर लोक म्हणतील मीच लबाडी केली." त्यांचेही खोटे नव्हते. मी म्हटले, कुकर असू दे, चूक माझी आहे आणि मी ती बैठकीत सांगेन. भिशीचे पैसे होते, त्यातून तसाच दुसरा कुकर घेतला आणि पोळ्यावाल्या बाईंच्या घरी गेले.

त्या कुकरकडे बघून म्हणाल्या, "माझी बेरीज मी त्याच दिवशी केली होती, ताई. एकशे एक्याऐंशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोजलेले. पेन्सिल तुमच्या हातात. मी काय बोलणार?"

भगिनींनो, सातवी शिकलेली म्हणून चारजणींत बोलताना मी स्वतः आयुष्यभर कचरले. आणि माझ्यापुढे कोणी तशीच कचरून गप्प बसेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. चुकलेल्या हातच्यापेक्षा ते मला जास्त लागले.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून चूक सांगितली आणि मंडळाच्या फळ्यावरचे नाव बदलून लिहिले. दुसऱ्या वर्षापासून निकाल लगेच सांगत नाही. सगळी कार्डे अर्धा तास दोरीला चिमट्याने लावून ठेवतो. ज्या त्या बाईने आपली बेरीज आपण करायची आणि पटली नाही तर तिथेच हात वर करायचा. गेल्या वर्षी सातजणींनी हात वर केले. पाचजणींचे म्हणणे चुकीचे निघाले, दोघींचे बरोबर. पोहे गार झाले म्हणून थोडी कुरकुरही झाली. आणि हो, गेल्या वर्षी थोरल्या जाऊबाई तिसऱ्या आल्या. नातवाला त्यांनी घरीच ठेवले होते.

यंदाची स्पर्धा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. चार उशा उसवल्या आहेत, तरी जुन्या जीन पँटी असतील त्या कार्यालयात आणून द्याव्यात. मोजणीला माझ्याबरोबर दुसरी बाई हवी आहे. पोळ्यावाल्या बाईंना विचारले होते, पण त्यांना स्पर्धेत उतरायचे आहे. ज्यांची बेरीज पक्की आहे त्यांनी जाताना माझ्याकडे नाव द्यावे. चष्मा लागत असेल तर तो मात्र घरून आणावा.