पहिलटकरीण माहेरीं येते तेव्हां

महाड-पोलादपूरकडील पुष्कळ कुटुंबांचें एक पाऊल गांवीं व एक मुंबईंत असतें. मुंबईस नांदणारी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं सातव्या-आठव्या महिन्यांत माहेरीं येते, तेव्हां सारी वाडी तिची वाट पाहत असते. ही चाल मोडावी असें मी म्हणणार नाहीं. परंतु गरोदरपणांतील रक्तदाबाचा विकार विसाव्या आठवड्यानंतर दिसूं लागतो, पहिलटकरणींस अधिक होतो आणि बहुधा शेवटच्या तीन महिन्यांतच डोकें वर काढतो. म्हणजे जिला धोका अधिक, तीच नेमकी त्या वेळीं मोठ्या इस्पितळापासून दूर येते. आणि तपासणीचे कागद मुंबईच्या कपाटांत राहतात!

कागदांवांचून काय अडतें? रक्तदाब १४०/९० भरला तर तो नवा कीं जुना, हें आधींच्या आंकड्यांशिवाय कळत नाहीं. पूर्वीचा रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुळें, स्थूलपणा, चाळिशीचें वय, मागील खेपेस स्वतःला किंवा कधीं आई-बहिणीला झालेला हाच विकार, हें सारें पाहून डॉक्टर ठरवितात, आणि जरूर वाटल्यास बाराव्या आठवड्यापासून अल्प मात्रेंत अॅस्पिरिन देतात. माहेरीं येईपर्यंत ती वेळ टळलेली असते. विकार जितका लौकर उद्भवेल तितका तो घातक; चौतिसाव्या आठवड्यापूर्वींचा तर विशेषच.

डोकें ठणकणें, डोळ्यांपुढें अंधारी, बरगडीखालीं कळ, धाप हीं लक्षणें ‘पित्त झालें’ म्हणून घरीं काढूं नयेत. रक्तदाब १६०/११० झाला तर तासाचाही उशीर नको. आंकडी टाळण्यास मॅग्नेशियम सल्फेट हें स्वस्त औषध आहे. तेहतीस देशांत झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यानें आंकडीचें प्रमाण निम्म्याहून खालीं आणलें. पण औषधापर्यंत पोंचावयाचें कसें? २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पुराखालीं होतें आणि त्याच दिवशीं तळिये येथें डोंगर कोसळला. त्या रात्रीं वरच्या वाडीवरून कोणती रुग्णगाडी खालीं आली असती?

म्हणून पावसाळ्यांत दिवस भरणार असतील आणि वरीलपैकीं एखादा धोका असेल, तर मुलीनें माहेरीं येण्याऐवजीं आईनेंच मुंबईस जावें. येणेंच असेल तर कागद आधीं पिशवींत घालावे. सरकारी दवाखान्यांतून २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते; गांवीं येतांच ती तारीख चुकवूं नये. आणि मूल झालें म्हणजे भय सरलें असें नाहीं. आंकडी बाळंतपणानंतरही येते. निदान बारशापर्यंत तरी रक्तदाब मोजीत राहावें.