विहीर उपसू नका

पर्यटकांचा हंगाम सरला, खोल्या रिकाम्या झाल्या, की आमच्या मुरुडात वजन उतरवायची घाई सुरू होते. मोबाइलवर कुणीतरी तक्ता पाठवतं, दिवसाला १२०० कॅलरी, आणि बायका तो देवाचा शब्द असल्यासारखा पाळायला लागतात. गणपतीपर्यंत तो तक्ताही जातो आणि उतरलेलं वजनही परत येतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की वर्षभर निभेल तेवढीच कपात करा.

आपल्या वाडीतल्या विहिरीचं बघा. समुद्र हाकेच्या अंतरावर. वैशाखात पंप सतत चालू ठेवला तर झऱ्यांना भरायला उसंत मिळत नाही, खारं पाणी आत येतं आणि पोफळींच्या मुळाशी मचूळ पाणी जातं. जाणता बागायतदार थोडं काढतो, थांबतो, पुन्हा काढतो. अंगातली चरबीही अशीच काढायची. घाईनं उपसलीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि भूक अशी उसळते की सगळा नेम मोडतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात. मध्यम कष्ट करणारीला २१३०. तुम्ही अंगण झाडता, शिंपणं करता, पाहुण्यांची जेवणं रांधता. तुम्ही बैठ्या कशा? वजन जास्त असेल तर गरज आणखी थोडी जास्तच. मग १२०० कुठून आणलेत? १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने सुमारे १६०० कॅलरींवर ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. आणि आपल्याकडे त्याहून कमी खाणाऱ्या बायकांनाच वर मनोनिग्रह नाही म्हणतात!

आधी आपला आकडा शोधा. दोन आठवडे नेहमीसारखंच खा आणि सगळं लिहा. भांड्यातलं उरलंसुरलं संपवता तेसुद्धा. वजन स्थिर राहिलं तर तीच तुमची पातळी. तिच्यातून तीनशे-चारशे कॅलरी वजा करा, जास्त नको. ह्या कुठून कमी करता येतील? मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दीडशेवर. तळलेल्या तुकडीऐवजी बांगड्याचं कालवण घ्या, वाटपातलं खोबरं निम्म्यावर आणा. मासे आणि कुळथाची पिठी सोडू नका, प्रथिनं तिथेच आहेत. भातही पानातून हद्दपार करू नका, एक मूद कमी घ्या.

पुन्हा सांगते, निभेल तेवढंच. आणि काही महिन्यांनी वजन उतरायचं मंदावेल. विहिरीची पातळी खाली गेली की तोच पंप कमी पाणी ओढतो ना, तसंच. हलक्या शरीराला कमी लागतं. अशा वेळी घाबरून पंप वाढवू नका, पुन्हा लिहा, पुन्हा आकडा काढा.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. बाकीच्यांनो, उद्यापासून जेवण तोडू नका. उद्यापासून फक्त वही लिहायला घ्या.