जुनी सायकल घेताना

शिक्षक बंधुभगिनींनो,

शाळेच्या वाटेसाठी शर्यतीच्या धर्तीची जुनी सायकल घेण्याचा विचार आपल्यापैकी काहींच्या मनात आहे. मीही गतवर्षी अशी एक घेतली. रंगाच्या तकाकीला भुललो. सांगाडा माझ्या उंचीस मोठा होता. महिनाभर मान व कंबर दुखली आणि शेवटी ती तोट्यात विकावी लागली. सीट वरखाली करता येते, सांगाडा लहान करता येत नाही, हे ज्ञान मला पदरमोड करून मिळाले.

म्हणून प्रथम माप पाहावे. सांगाड्याचे सांधे वा पुढचा चिमटा यांवर चीर दिसल्यास सौदा सोडावा. नंतर साखळीवर पट्टी ठेवावी. नव्या साखळीच्या २४ कड्या १२ इंच भरतात. त्या अष्टमांश इंचाने वाढल्या असतील, तर साखळीबरोबर दातेरी चक्रेही बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

सायकल घरी आल्यावर सीट बेताची करावी. पायडल अगदी खाली असता त्यावर टाच टेकली, की पाय सरळ व्हावा. हवा टायरवर छापलेल्या मर्यादेतच भरावी. पहिले आठ दिवस मैदानात फिरावे. खाली वळलेल्या मुठी धरून ब्रेक दाबण्याचा सराव तेथेच करावा. वेग वळणापूर्वी कमी करावा. खडीवर ब्रेक एकदम दाबू नये.

दुसरी, मापाची सायकल घेऊन मैदानात तोल सावरताना मला पहिलीत प्रथमच पेन्सिल धरणारे मूल आठवले. पन्नाशी उलटलेल्या माझ्या हातांना आठ दिवस लागले. त्याच्या चिमुकल्या बोटांना आपण किती दिवस देतो?