घाटात घड्याळ मागे पडतं तेव्हा



हिवाळ्यात पहाटे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर जा. धुक्यात पोरं-पोरी पळताना दिसतील. कुणाच्या पायात बूट, कुणाचे पाय अनवाणी. कशाची तयारी चालली आहे म्हणून विचारलं, तर उत्तर एकच येतं, "सोळाशेची." पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. मैदानाच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे. मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांत अंतर काढलं तर पूर्ण गुण, नाहीतर कपात. एका सेकंदावरून नोकरी हुकते ही गोष्ट आपल्या गावागावांत माहीत आहे. म्हणून मला वाटतं, वेळेचं मोल आपल्या जंगलपट्टीतल्या मुलांइतकं फार थोड्यांना कळलेलं असेल.

हीच मुलं आता लांब पल्ल्याकडेही वळत आहेत. गडचिरोली पोलीस दलाच्या महामॅरेथॉनला हजारो तरुण-तरुणी उतरतात. त्यांतल्या ज्यांना पुढे २१ किलोमीटरची, आणि तीही चढउताराच्या रस्त्यावरची शर्यत धावायची आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. प्रश्न साधा आहे. मनात एक वेळ ठरवली आहे, रस्ता मात्र सपाट नाही. मग धावायचं कसं?

महाराष्ट्रात अशा धावेचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ साली ती सुरू झाली. सातारा शहरातून निघायचं, पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर असं करत यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने खाली शहरात परतायचं. २०१५ मध्ये या शर्यतीत २,६१८ जण धावले आणि एका डोंगरावरच्या धावेतली सर्वाधिक धावपटूंची संख्या म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. पावसाळा सरता सरता ही शर्यत होते. डोंगर हिरवागार असतो, ढग रस्त्यावर उतरलेले असतात आणि शहर सोडलं की चढ सुरू होतो तो वरपर्यंत पाठ सोडत नाही.

आता थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. अर्धमॅरेथॉनचं अंतर २१ किलोमीटर आणि जवळपास १०० मीटर. समजा तुम्हाला सव्वादोन तासांत पोहोचायचं आहे. सरासरी येते किलोमीटरमागे ६ मिनिटं २४ सेकंद. सपाट रस्त्यावर हा आकडा धरून धावता येतं. घाटात तो आकडा फसवतो. प्रशिक्षक मंडळींचा एक ढोबळ ठोकताळा आहे: रस्ता शेकडा एक चढला, म्हणजे १०० मीटरला एक मीटर उंची वाढली, की किलोमीटरमागे आठ-नऊ सेकंद जातात. आणि तेवढ्याच उतारावर परत मिळतात ते साधारण पाच सेकंद. चढ जेवढं घेतो तेवढं उतार कधीच परत देत नाही. घाटातल्या धावेचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

समजा अर्धं अंतर सरासरी शेकडा तीनचा चढ आहे आणि अर्धं तसाच उतार. चढावर किलोमीटरमागे २५ सेकंद जाणार, उतारावर १५ परत मिळणार. म्हणजे तुमची सपाटीवरची चाल किलोमीटरला ६ मिनिटं १९ सेकंद असायला हवी. चढ तुम्ही ६ मिनिटं ४४ सेकंदांनी कराल आणि माथ्यावर पोहोचायला ७१ मिनिटं लागतील. उतार ६ मिनिटं ४ सेकंदांनी, म्हणजे ६४ मिनिटांत. बेरीज बरोबर सव्वादोन तास. पण हे पाहा: सव्वादोन तासांचं अर्धं होतं साडेसदुसष्ट मिनिटं आणि तुम्ही माथ्यावर आहात ७१ मिनिटांना. घड्याळ सांगतंय, तुम्ही साडेतीन मिनिटं मागे आहात. प्रत्यक्षात तुम्ही अगदी वेळेवर आहात.

बहुतेकांची शर्यत इथेच बिघडते. पाय तयार असतात, मन तयार नसतं. घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मनगटावरचं घड्याळ ६ मिनिटं ५० सेकंद दाखवतं, शेजारून चार जण पुढे निघून जातात आणि माणूस ठरवतो की आताच भरून काढू. खांदे वर चढतात, मुठी आवळल्या जातात, पावलं लांब पडू लागतात. श्वास तोंडाने, मोठ्याने सुरू होतो. अर्धा किलोमीटर बरं वाटतं. मग पोटऱ्या भरून येतात. चढावर चाल वाढवली की स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू पुरत नाही, साठवलेली साखर भराभर जळते आणि ती अशी गेली की शर्यतीत परत येत नाही. माथ्यावर तो तीन मिनिटं लवकर पोहोचतो खरा, पण खाली येताना जे पाय उतारावर मोकळे धावायला हवे होते ते लटपटत असतात. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये ती तीन मिनिटं तर जातातच, वर आणखी सात-आठ जातात.

सोळाशे मीटरच्या तयारीतही हीच खोड दिसते. ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या. ५ मिनिटं १० सेकंद हवे असतील तर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. शिट्टी वाजते आणि पहिली फेरी ६५ सेकंदांत जाते, कारण सगळेच सुसाट सुटलेले असतात आणि मागे राहायची लाज वाटते. तिसऱ्या फेरीत मान मागे पडते, हात आडवे हलू लागतात आणि तीच फेरी ९० सेकंदांवर जाते. छोट्या अंतरात तरुण शरीर हे कसंबसं निभावून नेतं. २१ किलोमीटरमध्ये नाही निभावत.

जगातले सर्वोत्तम धावपटू काय करतात? केनियाच्या केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन धावून विश्वविक्रम केला. त्याचं पहिलं अर्धं अंतर ६० मिनिटं ४८ सेकंदांत झालं आणि दुसरं ५९ मिनिटं ४७ सेकंदांत. म्हणजे दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा तब्बल मिनिटभर जलद.   उलट बाजूही पाहा: अमेरिकेतल्या बोस्टनच्या शर्यतीत सुरुवातीला उतार आहे आणि चढ येतात पंचवीस-तीस किलोमीटरनंतर. सुरुवातीच्या उतारावर उधळलेली माणसं तिथल्या शेवटच्या टेकडीवर चालताना दिसतात. मुंबई मॅरेथॉनमध्येही परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. एरवी गाडीतून जाताना तो जाणवतही नाही, पण ३५ किलोमीटर पायांत असताना तो घाटासारखा वाटतो.

म्हणून माझं सांगणं असं की चढावर घड्याळाकडे बघू नका, श्वासाकडे बघा. पाच-सहा शब्दांचं एक वाक्य न थांबता बोलता येत असेल तर चाल बरोबर आहे. दोन शब्दांत धाप लागली तर हळू करा, गरज पडली तर ३० पावलं झपाझप चाला. त्यात कमीपणा नाही. पाऊल छोटं ठेवा, नजर आठ-दहा मीटर पुढे ठेवा, वळणावर वर किती उरलंय ते पाहत बसू नका. माथा आला की लगेच वेग वाढवू नका. शंभर-दोनशे मीटर श्वास खाली येऊ द्या, मग उतार घ्या.

उताराबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण त्याचा सराव कुणीच करत नाही. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. त्यामुळे त्यांत बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. घाबरून मागे झुकलं, टाच पुढे रोवून ब्रेक लावत उतरलं, की ही इजा वाढते आणि गुडघाही दुखावतो. अंग किंचित पुढे, पाऊल कमरेच्या खाली पडेल असं, पावलांची गती जलद. सरावात आठवड्यातून एकदा तरी उतारावर धावलेले पाय शर्यतीत टिकतात, कारण या स्नायूंना एकदा सवय लागली की पुढच्या वेळी ते कमी दुखतात.

आता तुम्ही म्हणाल, चंद्रपूर तर सपाट, घाट आणायचा कुठून? शहरात रेल्वेवरचा उड्डाणपूल आहे, त्यावर आठ-दहा वेळा वर-खाली करा. पण खरा चढ हवा असेल तर माणिकगड पहाड आहे. गडचांदूरकडून जिवतीला जाणारा रस्ता पहाडावर चढतो, तिथे हवा तेवढा चढ मिळतो. गडचिरोलीकरांसाठी कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट आहे. खनिजाच्या आणि कोळशाच्या ट्रकांचे रस्ते मात्र टाळा. आष्टी-आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या ट्रकांची जी रांग असते, तिच्या बाजूने धावण्यात काही शहाणपण नाही.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे वाघ आहे. ताडोब्याच्या कडेला, जुनोना-लोहाऱ्याच्या रस्त्यावर, दुर्गापूर आणि ऊर्जानगरच्या परिसरात, तिकडे वडसा-आरमोरीच्या पट्ट्यात वाघ-बिबट्याने माणसं मारलेली आहेत. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणारी माणसं नाइलाजाने अंधारात जंगलात शिरतात. आपल्याला तो नाइलाज नाही. जंगलाच्या रस्त्यावर उजाडल्याशिवाय धावू नका, एकट्याने धावू नका, कानात गाणी लावू नका. बूट बांधायला खाली बसायचं तर सोबत्याला उभं ठेवा.

खाण्यापिण्याचं फार अवघड नाही. आदल्या रात्री आपला नेहमीचा वरणभात पोटभर, उशिरा नको, तेलकट नको. साताऱ्याच्या सप्टेंबरमधल्या शर्यतीची तयारी करायची म्हणजे सराव जून ते ऑगस्ट. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत घाम भरपूर जातो, म्हणून नुसतं पाणी ढोसू नका. साध्या पाण्याच्या अतिरेकाने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना मात्र कुणी मर्दुमकी दाखवायला जाऊ नये.

आपल्या मुलांमध्ये हे सारं करण्याची ताकद आहे, हे मी कौतुकाच्या भरात बोलत नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांमधली पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. मोहिमेचं नाव होतं मिशन शौर्य. एव्हरेस्टवर कुणी पहिल्या दिवशी धावत सुटत नाही. तिथे हळू चढणाराच वर जातो आणि परतही येतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. पाड्यावरची एक मुलगी देशाच्या धावपटूंमध्ये पहिल्या रांगेत गेली. आमच्या भामरागड-एटापल्लीच्या, जिवती-कोरपन्याच्या मुलींनी तिथे का जाऊ नये?

म्हणून भरतीची तयारी करून घेणाऱ्या सगळ्या प्रशिक्षकांना आणि आश्रमशाळांच्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. आठवड्यातले पाच दिवस सोळाशेला द्या. एक दिवस या मुलांना लांब आणि संथ धावू द्या, महिन्यातून एकदा पहाडावर न्या, आणि त्या दिवशी स्टॉपवॉच खिशात ठेवा. वर पोहोचल्यावर कोण पहिला आला ते विचारू नका, वर आल्यावर कोण बोलू शकतो ते विचारा. आणि आपल्या जिल्ह्यांत शर्यती भरवणाऱ्यांनी एवढं करावं: प्रत्येक किलोमीटरला पाटी, चढाच्या पायथ्याशी पाणी, आणि अडीच तास, सव्वादोन तास अशी वेळ लिहिलेला झेंडा घेऊन धावणारा एकेक अनुभवी पेसर. चढावर हळू जायचं धाडस मुलांना त्या झेंड्याकडे बघून येईल.