उलटलेला हर्निया

हर्नियाचं ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि फुगा पुन्हा दिसला, की घरची मंडळी रोग्यालाच धरतात. 'जड उचललं असशील!' खोकला, कुंथणं, तंबाखू, वाढलेलं वजन यांचा वाटा असतोच. पण पुष्कळदा गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावरच ठरलेली असते.

जांघेतला हर्निया घ्या. इटलीतल्या पाडुआचे बास्सिनी १८८०च्या दशकात स्नायू ओढून खालच्या बंधाला शिवू लागले. तेव्हा ती मोठीच सुधारणा होती. पण ओढून शिवलेल्या जागेवर ताण राहतो आणि प्रत्येक खोकल्यासरशी टाका मांसात थोडा थोडा रुतत जातो. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत लिक्टेन्स्टाइन यांनी ही ओढाताणच सोडली आणि कमकुवत जागेवर जाळी बसवली. पोटावरच्या जुन्या छेदातल्या हर्नियात तर जाळीचा फरक डोळ्यांत भरतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दहा वर्षांत नुसते टाके घातलेल्यांपैकी ६३ टक्क्यांचा हर्निया उलटला, जाळीवाल्यांपैकी ३२ टक्क्यांचा.

बत्तीस टक्के हेही काही थोडे नाहीत! जाळी घातली म्हणजे काम झालं, असं नसतं. शरीरात ती थोडी आक्रसते, म्हणून भोकापुरती कापून भागत नाही. जांघेत ती पुढच्या हाडाच्या उंचवट्यापलीकडे दोनेक सेंटीमीटर जायला हवी. तिथे आखूड पडली, की हर्निया नेमका त्याच कडेने डोकावतो. कधी शेजारचा, मांडीच्या वाटेचा लहान हर्निया पाहायचाच राहून जातो. तो उलटलेला नसतो, राहिलेला असतो.

जाळी नको असणाऱ्यांनाही वाट आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी रोग्याच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरणारी पद्धत मांडली. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर ती जाळीशी ताडून पाहिली, तेव्हा तीन वर्षांत दोन्ही गटांत दोन-दोनच हर्निया उलटले. अर्थात हात बसलेला सर्जन हवा. तेव्हा 'कोणती पद्धत?' याबरोबर 'डॉक्टर, तुम्ही ही नेहमी करता का?' हेही विचारा. चांगल्या सर्जनला राग येत नाही.

आणि ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. पहिलं ऑपरेशन समोरून चिरून झालं असेल, तर दुसरं शक्यतो दुर्बिणीतून, मागच्या बाजूने करतात. पहिलं दुर्बिणीचं असेल, तर समोरून. जुन्या व्रणात पुन्हा शिरलं, तर तिथल्या नसा आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या दुखावण्याची भीती असते.